मुठीवरचं ऊन

आमच्या कुवेतच्या हॉस्पिटलात नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात कुणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगायचं, की एक्स-रेमधले मराठी गृहस्थ मूठ पुढे धरून गोल फिरताना दिसले तर घाबरू नका, ते कुणाला मारत नाहीत. मला हे कुणी सांगितलं नाही. सकाळची ड्यूटी होती, हातात इंजेक्शनांचा ट्रे होता, आणि कॉरिडॉरच्या वळणावर एक किडकिडीत, चष्मेवाला माणूस उजवा हात ताठ करून, मूठ आवळून, स्वतःभोवती सावकाश फिरत होता. मी भिंतीला चिकटले. त्यांनी मूठ खाली न घेताच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सिस्टर, त्या खिडकीपाशी एक मिनिट उभ्या राहता? तुमच्या नाकाला उजेड छान बसेल." मी मनात म्हटलं, मेल्याचं डोकं फिरलेलं दिसतंय. पुढे त्यांच्याशी कितीतरी वर्षं संबंध आला, पण हे मत पूर्णपणे बदलायची वेळ काही माझ्यावर आली नाही.

ती मूठ म्हणजे त्यांचं यंत्र होतं. त्यांच्या मते माणसाचं तोंड आणि वळलेली मूठ यात फार फरक नाही. पेरं म्हणजे नाक, पेरांमधल्या खाचा म्हणजे डोळ्यांच्या खोबणी. मूठ धरून एक फेरी मारली की उजेड कुठून येतोय, सावली कुठे कडक पडतेय आणि कुठे मऊ, सगळं कळतं. ही फेरी ते कुठेही मारायचे. पार्किंगमध्ये, भाजीबाजारात, एकदा तर आमच्याकडच्या सत्यनारायणाला आरती चालू असताना. सगळे टाळ्या वाजवताहेत आणि हे बाल्कनीच्या दारात मूठ फिरवताहेत. माझे यजमान मला कानात म्हणाले, "यांना प्रसाद जरा लवकर दे आणि वाटेला लाव."

आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. मूळचे नाशिकचे. कुटुंब तिकडेच होतं. इथे जलीबला एका खोलीत चार जणांबरोबर राहायचे. आठवडाभर एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत काम आणि शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, उन्हात फोटो. "आठवडाभर हाडं, शुक्रवारी माणसं," असं ते म्हणायचे. खरं तर हाडांचेही ते फोटोच काढायचे. मनगट मोडलेला माणूस कळवळत असायचा आणि हे त्याला "थोडं अजून इकडे, हां, आता करंगळी सैल सोडा, वा!" असं म्हणायचे. माझ्या वॉर्डातला एक म्हातारा मला म्हणाला होता, तो माणूस माझं हाड बघून 'वा' का म्हणाला, ते आधी सांगा.

शुक्रवारचे फोटो म्हणजे बारावीच्या मुलांचे. हे जरा समजावून सांगायला हवं. तिथे आपल्या मुलांना बारावीपर्यंत शाळा होती, पुढे कॉलेज नव्हतं. त्यामुळे बारावी झाली की मूल जायचं. पुण्याला, सांगलीला, मणिपालला, कुठेही, पण जायचंच. चार खोल्यांच्या फ्लॅटमधून एक माणूस कायमचा कमी होणार हे आईबापांना वर्षभर आधी माहीत असायचं. अमेरिकन शाळेत शेवटच्या वर्षाच्या मुलांचे मोठे फोटो काढायची पद्धत होती, ती आपल्या मुलांनी पाहिली आणि आपल्यातही शिरली. मार्चमध्ये परीक्षा संपायची, एप्रिलमध्ये अजून ऊन सोसण्याइतकं असायचं. तेवढ्या दोन-चार शुक्रवारांत भाऊंकडे रांग लागायची. स्टुडिओत जाऊन मागे स्वित्झर्लंडचा पडदा लावून फोटो काढणं आमच्या लोकांना एकदम कमीपणाचं वाटायला लागलं, ते भाऊंमुळे.

पण त्यांच्यासमोर उभं राहणं म्हणजे दिव्य होतं. फ्लॅश वापरायचे नाहीत. "तोंडावर वीज पडल्यासारखी माणसं दिसतात," म्हणायचे. दुपारी बोलवायचे नाहीत. सूर्य कलला की मंगफच्या समुद्रकाठी नाहीतर एखाद्या फिकट भिंतीच्या कडेला. मुलाला कधी उन्हाकडे तोंड करून उभं करायचे नाहीत. पाठ उन्हाकडे, म्हणजे केसांना सोनेरी कड येते, आणि तोंडावर समोरच्या वाळूवरून नाहीतर भिंतीवरून परतलेला उजेड. तो कमी पडला तर वडिलांना राबवायचे. फोटोला येताना वडिलांनी पांढराशुभ्र शर्ट घालायचा, अशी त्यांची अट होती. मग चौकटीच्या जरा बाहेर, मुलाच्या गालाजवळ, त्या बापाला कडक उभं करायचे. एक मोठे इंजिनिअर, हाताखाली शंभर माणसं, बिचारे छाती फुगवून आपल्या पोराच्या तोंडावर उजेड पाडत उभे असायचे. "साहेब, पोट आत घेऊ नका, पोटाचा उजेड चांगला येतोय."

आयांशी त्यांचं कायमचं भांडण. आया मुलींना पावडर लावून आणायच्या. भाऊ ओला रुमाल काढून स्वतः पुसायला निघायचे. मंगफच्या एका बाईंनी एकदा फोटो हातात घेऊन त्यांना सुनावलं, "अहो, माझी मुलगी एवढी काळी नाही. अर्ध्या तोंडावर सावली टाकलीत तुम्ही!"

"सावली आहे म्हणून तोंड गोल दिसतंय, बाई," भाऊ म्हणाले. "उन्हाकडे तोंड करून काढला असता तर थालीपीठ दिसलं असतं."

"मग मला थालीपीठच हवं होतं," बाई म्हणाल्या आणि फोटो तिथेच ठेवून गेल्या. चार दिवसांनी त्यांचे यजमान गुपचूप येऊन घेऊन गेले.

मुलांना मात्र ते आवडायचे. एक तर त्यांच्या तऱ्हा. वजन मागच्या पायावर, खांदे तिरके, हनुवटी आधी पुढे आणि मग किंचित खाली. हे सगळं ते स्वतः करून दाखवायचे, आणि ते किडकिडीत शरीर वाळूत कोंबडीसारखी मान पुढे काढून उभं राहिलं की पोरं खिदळायला लागायची. मग ते एक्स-रेच्या सवयीने गंभीरपणे ओरडायचे, "श्वास घ्या! धरा!" पोरं आणखी फुटायची. त्या हसण्याचा भर ओसरून तोंड जेव्हा आपसूक निवांत होतं, तेव्हा ते बटण दाबायचे. त्यांचे फोटो मी खूप पाहिलेत. अठरा वर्षांच्या पोराचं तोंड त्याच्या आईला घरात जसं दिसतं तसं त्या फोटोत दिसायचं. हे एक मान्य करायलाच हवं, म्हणून करते.

काळे-पांढरे फोटो ते स्वतः धुवायचे, जलीबच्या खोलीच्या बाथरूममध्ये. कमोडवर फळी, फळीवर फोटो मोठा करायचा एनलार्जर. बाहेर बाकीचे चौघे टॉवेल खांद्यावर टाकून दार ठोकताहेत आणि आतून भाऊ ओरडताहेत, "उजेड येईल! दार उघडलं तर एका मुलीचं आयुष्य काळं होईल!"

पासपोर्टच्या फोटोचा मात्र त्यांना मनापासून तिटकारा. कुणी मागितलाच तर म्हणायचे, "तो माणसाचा फोटो नसतो, कानांचा असतो. कानांचे फोटो मी काढत नाही."

आता माझ्या लेकीचं. नव्वदच्या मार्चमध्ये ती बारावीला बसली. पुण्याला इंजिनिअरिंगला जायचं ठरलेलं. एप्रिलमध्ये पहिल्या शुक्रवारी आम्ही समुद्रावर गेलो तर धुळीचं वादळ. ठीक आहे, देवाची करणी. दुसऱ्या शुक्रवारी आकाश निळंभोर. भाऊंनी मूठ फिरवली आणि म्हणाले, "आज नको. हवा फार स्वच्छ आहे, सावल्या सुरीसारख्या पडताहेत." मी म्हटलं, अहो, धूळ असली तरी नको, नसली तरी नको, तुम्हाला हवंय तरी काय? तिसऱ्या शुक्रवारी हवाही बरी होती, पण निघायच्या आधी लेकीने आपले लांब केस कात्रीने खांद्यापर्यंत कापून टाकले होते आणि आमचं कडाक्याचं वाजलं होतं. भाऊंनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कॅमेरा पिशवीत घातला. "ही इथे नाहीये," म्हणाले. "नुसतं तोंड आलंय."

"अंकल, आय डोन्ट वॉन्ट युअर फोटो," लेक म्हणाली आणि वाळूतून तरातरा गाडीत जाऊन बसली. "आई, ही इज इम्पॉसिबल." त्या वर्गात फोटो न निघालेली ती एकटीच राहिली. मग उन्हाळा सुरू झाला आणि भाऊंनी दुकान बंद केलं. म्हणाले, ऑगस्टमध्ये जायच्या आधी एका सकाळी लवकर काढू.

ऑगस्टमध्ये इराकी आले.

माझे यजमान तेव्हा सांगलीला, सासूबाईंच्या आजारपणासाठी गेलेले. फोन बंद. मी आणि लेक दोघीच. आमचा मंगफचा फ्लॅट सोडून आम्ही हॉस्पिटलच्या नर्सेस होस्टेलवर एका खोलीत आलो. नर्सेसना सोडायचं नाही असा हुकूम होता, त्यामुळे माझं निघणं शक्यच नव्हतं. लेकीला मात्र काहीही करून बाहेर काढायची होती. तरुण पोरगी. रोज काही ना काही कानावर यायचं. ड्यूटीवर असताना मी तिला खोलीला आतून कडी लावायला सांगायची आणि दर तासाला काहीतरी निमित्त काढून बघून यायची.

आपले लोक बसने निघत होते. बसरा, बगदाद, तिथून वाळवंट ओलांडून अम्मान आणि अम्मानहून विमानाने मुंबई. पण लेकीचा पासपोर्ट, जायचं म्हणून, तिचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, रद्द करायला एका कचेरीत दिलेला. ती कचेरी आता बंद, दारं फोडलेली. अशा लोकांसाठी आपल्या काही मंडळींनी एका शाळेत टेबल मांडलं होतं. तिथे प्रवासाचा तात्पुरता कागद मिळायचा. त्याला फोटो हवा. आणि सगळ्या कुवेतमध्ये एक स्टुडिओ उघडा नव्हता.

लोक भाऊंकडे आले. भाऊ म्हणाले, "मी कान काढत नाही."

मी तिथेच होते. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "भाऊ, कान तर कान! कान काढा यांचे! कानांनीच बसमध्ये चढू देणार असतील तर तुमचं काय जातंय?"

त्यांनी एक्स-रेच्या खोलीतल्या शिशाच्या एप्रनमागे लपवून ठेवलेला कॅमेरा काढला. कॅमेरा सापडला तर काय होईल हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं. हॉस्पिटलच्या मागे धोबीखान्याचं अंगण होतं, उंच भिंतीचं, तिथे चादरी वाळत घालायचे. एक चादर मागे, आजूबाजूच्या चादरींचा उजेड. तिथे ते रोज सकाळी सरळ, नाकासमोर, दोन्ही कान दिसणारे फोटो काढायला लागले. तोंड असं करायचे की जणू कुणी एरंडेल पाजतंय. पण काढायचे, आणि सगळे फोटो पास व्हायचे.

त्याच दिवसांतली एक गोष्ट. आम्ही हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर पाव मिळतो का बघायला निघालो होतो. समोर चौकी. आणि या महाराजांनी सवयीने मूठ वर केली! सैनिकाने बंदूक सरळ आमच्यावर रोखली आणि "शिनू हाजा?" म्हणून ओरडला, म्हणजे हे काय आहे. मी पुढे होऊन कपाळाशी बोट फिरवत ओरडले, "मजनून! मजनून!" म्हणजे वेडा आहे हो. सैनिक आधी भाऊंकडे, मग माझ्या युनिफॉर्मकडे बघत राहिला आणि हसायलाच लागला. जा म्हणाला.

आत आल्यावर भाऊ मला म्हणतात, "मजनून म्हणायची काय गरज होती?"

"मग काय म्हणू? कलाकार?"

थोड्या वेळाने म्हणाले, "चेहरा छान होता हो त्याचा. आपल्या बारावीच्या पोरांएवढाच असेल." मी कपाळाला हात लावला.

सप्टेंबरमध्ये लेकीला बसमध्ये जागा मिळाली. ओळखीचं एक कुटुंब त्याच बसने चाललं होतं, ते तिला मुंबईपर्यंत सांभाळणार होते. मी ड्यूटीवर असताना ती भाऊंकडे जाऊन फोटो काढून आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक्स-रेच्या पाकिटात घालून फोटो दिले. मला बघायलाही सवड झाली नाही. बस पुढच्या सकाळी सुटायची होती. मी मेट्रनच्या हातापाया पडून दोन तास सुटले आणि लेकीला घेऊन शाळेत गेले.

टेबलापाशी केरळचे एक वयस्कर गृहस्थ होते. सज्जन माणूस, दिवसभर लोकांचे कागद करून आवाज बसला होता. त्यांनी पाकीट उघडलं, चष्मा वर केला आणि फोटो माझ्यापुढे धरला. "सिस्टर, व्हेरी ब्यूटिफुल. बट हाफ फेस इज नॉट देअर."

लेक फोटोत तिरकी बसलेली होती. खांदे वळलेले, हनुवटी किंचित खाली, एक गाल उजेडात, दुसरा अलगद सावलीत. केसांना कड. एका कानाचा पत्ता नाही. आणि तोंडावर अशी शांतता, की गेले दीड महिने मी ती तिच्या तोंडावर बघितली नव्हती.

"रस्त्यात ठिकठिकाणी तपासणी आहे," ते गृहस्थ हिंदीत म्हणाले. "सोल्जर फोटो देखेगा, लडकी को देखेगा. इसमें झगडा हो गया तो बस से उतार देंगे. बहन, चार बजे तक दूसरा ला दो. उसके बाद मैं कुछ नहीं कर सकता."

मी परत कशी आले मला आठवत नाही. एक्स-रेचं दार ढकललं. आत पेशंट नव्हता म्हणून बरं, असता तरी मी थांबले नसते. फोटो टेबलावर आपटले. "हे काय केलंत? सगळ्या गावाचे कान काढलेत आणि माझ्याच पोरीच्या वेळी तुम्हाला कला सुचली?"

भाऊंनी फोटोकडे बघितलंच नाही. काय झालं ते त्यांना कळलं. "ती समोर येऊन बसली," म्हणाले. "स्वतःहून म्हणाली, अंकल, सॉरी. एप्रिलमध्ये मीच काढला नाही, सिस्टर. तीनदा परत पाठवली. आता चालली आहे. माझ्याने सरळ काढवेना."

"मला तिचा सुंदर फोटो नकोय!" मी ओरडले. "मला ती जिवंत हवी आहे, भाऊ! तिच्या बापाकडे पोचलेली हवी आहे! कळतंय का तुम्हाला काही?" आणि मग मी तिथल्या स्टुलावर बसून रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

लेक माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती. "आई, इट्स ओके. आपण परत काढू ना."

भाऊंनी घड्याळ बघितलं. दुपारचे बारा वाजून गेले होते. ज्या वेळी आपण कॅमेऱ्याला हात लावत नाही असं ते आयुष्यभर सांगत आले, नेमकी ती वेळ. डोक्यावर सूर्य, डोळ्यांच्या जागी काळे खड्डे पडणार. "चला," म्हणाले. धोबीखान्यात त्यांनी लेकीला सरळ बसवलं, केस कानांमागे घ्यायला लावले, एक चादर तिच्या मागे बांधली आणि दुसरी तिच्या पुढ्यात जमिनीवर, गुडघ्यांपाशी पसरली. चादरीवरून ऊन उसळून खालून तिच्या डोळ्यांत आलं आणि खड्डे भरले. मला म्हणाले, "तुमचं रडून झालं असेल तर ते टोक धरा." मी धरलं. यावेळी श्वास घ्या, धरा, काही नाही. दोनदा बटण दाबलं आणि फिल्म काढून घेऊन एक्स-रेच्या डार्करूममध्ये पळाले. त्यांचा एनलार्जर आणि उरलेला कागद तोवर त्यांनी जलीबहून तिथे आणून ठेवला होता.

फोटो ओले होते. नीट धुतलेही नव्हते. भाऊ म्हणाले, वर्षभरात पिवळे पडतील. मी म्हटलं, मला एक आठवडा पुरे. चार वाजायच्या आत आम्ही शाळेत होतो. त्या गृहस्थांनी ओलाच फोटो कागदावर चिकटवला, फुंकर मारली आणि शिक्का उमटवला. फोटोत माझी लेक थेट समोर बघत होती, दोन्ही कान बाहेर, एखाद्या चोरासारखी. मला तो फोटो फार आवडला.

परत आलेले ते सुंदर फोटो आजही माझ्या कपाटात आहेत. लोक बघतात आणि कुणी काढले म्हणून विचारतात. मला मात्र अजूनही त्यांच्याकडे बघितलं की आधी रागच येतो.

लेक सुखरूप पोचली. वाळवंटातल्या छावणीत हाल झाले, तोंड रापून निघालं, पण पोचली. मला ते कळायला खूप दिवस लागले. मी स्वतः थंडी सुरू होताना, नर्सेसवरचा तो हुकूम सैल झाल्यावर, सुटले. भाऊ राहिले. त्यांना जायला मिळत असतानाही राहिले, कारण त्या दिवसांत मार खाल्लेली माणसं फार यायला लागली होती आणि एक्स-रे काढणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. युद्ध संपल्यावर एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात मी परत रुजू झाले तेव्हा तेलविहिरी पेटलेल्या होत्या. भर दुपारी मोटारींचे दिवे लावावे लागत. कॉरिडॉरच्या टोकाला, खिडकीपाशी, आमचे हे मूठ पुढे करून गोल फिरत होते. आणखी वाळले होते. मला बघून म्हणाले, "सिस्टर, सावली सावली म्हणून मी ओरडायचो, पण एवढी नव्हती मागितली." अलीकडे नाशिकला त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. टेबलावरचा दिवा चुकीच्या जागी आहे म्हणून डॉक्टरांशी भांडले, असं त्यांच्या सुनेने मला फोनवर सांगितलं.

पण मला भाऊ म्हटलं की बसची सकाळ आठवते. ती सांगते आणि थांबते.

शाळेच्या मैदानात बस उभी होती. उजाडून तासभर झाला होता, सूर्य बसच्या पलीकडे होता. अलीकडच्या बाजूला, बसच्या सावलीत, पोचवायला आलेल्यांची गर्दी खिडक्यांना चिकटलेली. कुणी काचा वाजवत होतं, कुणी नावं घेऊन हाका मारत होतं. काचा बंद, आतलं बाहेर ऐकू येत नव्हतं. माझी लेक मागच्या बाजूच्या खिडकीत बसली होती. मी घुसून घुसून त्या खिडकीखाली पोचले आणि काचेवर तळवा ठेवला. म्हटलं, गाडी हलेपर्यंत हा काढायचा नाही.

भाऊ आले होते. हात रिकामेच होते. त्यांनी एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा गर्दीकडे, आणि माझं कोपर धरलं. "सिस्टर, मागे या."

"कुठे मागे?"

"त्या भिंतीपर्यंत."

"अहो, गाडी सुटेल आता! माझी पोर इथे आहे, मी मागे कशाला जाऊ?"

"तिच्या बाजूने बघा ना जरा. काच काळी आहे. तुम्ही सगळे सावलीत आणि मागे मैदान भगभगतंय. आतून सगळी डोकी काळी दिसताहेत. ती तुम्हाला शोधतेय."

मी वर बघितलं. खरंच, लेकीचे डोळे माझ्यावर नव्हते. एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर फिरत होते. ती घाबरलेली होती.

भाऊंनी मला जवळजवळ ओढत गर्दीतून बाहेर काढलं. मैदान ओलांडून, पार मागे, शाळेच्या पिवळ्या भिंतीपाशी नेऊन उभं केलं. बसच्या टपावरून ऊन सरळ माझ्या डोळ्यांत आलं. मी कपाळावर हात धरला.

"हात काढा. ओढणी मागे घ्या. चष्मा काढा, काचा चमकताहेत, डोळे दिसत नाहीत."

मी चष्मा काढला. तो काढल्यावर मला दहा हातांवरचं धड दिसत नाही. बस म्हणजे नुसता एक काळा ठोकळा, त्यात खिडक्याही नाहीत. "भाऊ, मला ती दिसत नाही हो."

"माहीत आहे. पण तिला तुम्ही दिसताय. हात केला बघा तिने." ते माझ्या बाजूला, जरा लांब सरकले. "रडू आलं तर येऊ द्या, पण तोंड फिरवू नका. बस फाटकातून वळेपर्यंत हलायचं नाही."

इंजिन सुरू झालेलं ऐकू आलं. लोक ओरडत बसबरोबर पळायला लागले. माझ्यासमोर नुसतं पांढरं होतं, ऊन आणि धूळ, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी हलले नाही.